श्वासकोठी आणि तीस ढेपा गूळ

एकाच चुलीवरची भाकरी, एकाच पातेल्यातली आमटी आणि जेवणारी दोन चुलत भावंडं. त्यातला समर दर वर्षी अंगानं भरत चाललेला आणि शाल्मली मात्र होती तशीच, शेवग्याच्या शेंगेसारखी. मग शाल्मलीच्या पोटात गेलेली भाकरी जाते तरी कुठे?

हे कोडं सगळ्या भणाणवाडीला पडलं होतं आणि ज्याच्या त्याच्याकडे त्याचं उत्तरही तयार होतं. कुणी म्हणे, पोरीला दृष्ट लागली. कुणी म्हणे, हिच्या अंगी लागत नाही. पण अंगी लागणं म्हणजे नेमकं काय होणं, असं विचारलं की सगळेच दुसऱ्या विषयावर घसरत.

भणाणवाडी म्हणजे साताऱ्याच्या डोंगरांवरचं एक उंच, उघडंबोडकं पठार. वारा तिथे इतका की दोरीवर वाळत घातलेला सदरा पुष्कळदा शेजारच्या गावात सापडायचा. गोष्ट आहे २०५८ सालातली. तोवर पठारावर पवनचक्क्या तर होत्याच, पण मुलांना वेड होतं ते शीडगाड्यांचं. तीन चाकं, एक डोलकाठी, तिच्यावर ताणलेलं शीड आणि ते सांभाळायला हातात एक दोर. वारा शिडात भरला की गाडी घोड्यासारखी उधळायची. दर दसऱ्याला पठारावर शीडगाड्यांची शर्यत लागायची आणि शाल्मलीला ती एकटीनं गाडी चालवून धावायची होती. तिचं दुसरं काही मागणंच नव्हतं.

अडचण होती ती नेमाची. एकट्यानं गाडी चालवायची तर वजन तीस किलो हवं. नेम काही खुळा नव्हता. वारा आडवा आला की चालवणाऱ्यानं आपलं अंग वाऱ्याच्या बाजूला झोकून गाडी सावरायची असते. अंगच हलकं असेल तर गाडी एका बाजूनं उचलते आणि उलटते. गाडीला लोखंड बांधून भागत नाही, कारण लोखंडाला झोकून द्यायला येत नाही.

हे वजन गावात काट्यावर करत नसत. सभामंडपात एक जुनी लाकडी तुला होती. एका पारड्यात एकेक किलोच्या तीस ढेपा गूळ आणि दुसऱ्यात मूल. मुलाचं पारडं खाली गेलं की मूल पास. शर्यत झाली की तोच गूळ आपट्याच्या पानाबरोबर गावभर वाटायचा. तुलेचा मान होता हौसाकाकूंकडे. त्यांची जीभ गुळासारखी नव्हती.

मागच्या दसऱ्याला शाल्मली पारड्यात बसली, तेव्हा गुळाचं पारडं जागचं हललंसुद्धा नाही.

“आगं पोरी,” हौसाकाकू म्हणाल्या, “तुझ्यापरीस माझी छत्री जड!”

सगळे हसले. शाल्मलीही हसली. घरी येऊन मात्र गोधडीत तोंड खुपसून पोटभर रडली.

मग तिनं स्वतःच उपाय सुरू केले. सकाळ-संध्याकाळ डिंकाचे लाडू, दुपारी तळलेल्या कुरडया आणि जाहिरातीत पाहून मागवलेली वजनवाढीची पूड. डब्यावर फुगलेल्या दंडांचा एक माणूस होता. महिन्याभरानं त्याचे दंड होते तसेच राहिले आणि शाल्मलीचं पोट बिघडून वजन दोनशे ग्रॅम उतरलं. आईनं तिला डॉक्टरांकडे नेलं. रक्त, जंत, सगळ्या तपासण्या झाल्या. “मुलगी ठणठणीत आहे,” डॉक्टर म्हणाले, “बांधाच बारीक आहे. बारीक असणं हा आजार नाही.” हे ऐकून आईचा जीव भांड्यात पडला. शाल्मलीचा काही पडेना. तिला तीस किलो हवे होते.

संक्रांतीला मामाआजोबा आले. हे शाल्मलीच्या आईचे मामा, दिगंबर निकम, माणसाला जगायला किती अन्न लागतं याचा आयुष्यभर अभ्यास केलेले शास्त्रज्ञ. स्वतः इतके बारीक की सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. चार वर्षं ते चंद्रावरच्या वस्तीत राहून आले होते. तिथे अन्नाचा प्रत्येक घास पृथ्वीवरून न्यावा लागे, म्हणून कुणाला किती लागतो हे नेमकं मोजावं लागे. त्यांच्यामागून एक ट्रक आला आणि ट्रकवर एक पांढरी खोली. खोलीबरोबर एक गुडघ्याएवढा, चाकांवर चालणारा यंत्रमानव होता. पूर्वी खळ्यावर धान्य मापून देणाऱ्याला मापारी म्हणत, म्हणून आजोबांनी त्याचं नाव ठेवलं होतं मापारी. तो मापल्याशिवाय बोलत नसे आणि बोलला की दशांश चिन्ह सोडत नसे.

शाल्मलीनं सगळी हकिगत सांगितली. मामाआजोबांनी ती मधे एकदाही न टोकता ऐकली.

“चंद्रावर माझं वजन किती भरायचं, ठाऊक आहे?” ते म्हणाले. “नऊ किलो.”

“नऊ?”

“इथे चोपन्न, तिथे नऊ. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढीच. पण माझं हाड कमी झालं नव्हतं की मांस. म्हणून शालू, आकड्याला आधी घाबरायचं नाही. आकडा कशाचा बनलाय ते विचारायचं. चल, तुझी भाकरी कुठे जाते ते शोधू.”

पहिला आठवडा मापारी नुसता घरात फिरला. शाल्मली आणि समर काय खातात, कधी खातात, ताटात किती उरतं, सगळं त्यानं टिपलं. मग शाल्मलीनं दोन दिवस त्या पांढऱ्या खोलीत राहायचं ठरलं. खोलीत खाट होती, टेबल होतं, पठार दिसेल अशी मोठी काच होती आणि भिंतीत जेवण आत सरकवायला एक खिडकी होती.

“हिला श्वासकोठी म्हणतात,” आजोबा काचेबाहेरून म्हणाले. “सांग बघू, चुलीत लाकूड जळायला काय लागतं?”

“हवा.”

“हवेतला ऑक्सिजन. आणि जळून बाहेर काय पडतं?”

“धूर. म्हणजे कार्बन डायऑक्साइड.”

“तुझ्या शरीरातही अन्न तसंच खर्ची पडतं. ज्वाळेशिवाय आणि अगदी सावकाश. तू श्वासातून ऑक्सिजन घेतेस आणि कार्बन डायऑक्साइड सोडतेस. या कोठीत जाणारी आणि बाहेर पडणारी हवा मापारी मोजतो. तेवढ्यावरून तुझ्या आत किती अन्न खर्ची पडलं ते कळतं.”

नुसत्या उच्छ्वासावरून माणसाच्या पोटातली गोष्ट ओळखायची! शाल्मलीनं काचेवर एक मोठा श्वास सोडला आणि उमटलेल्या वाफेकडे ती बघत राहिली. इतके दिवस आपण काय काय सांगत होतो आणि कुणी ऐकतच नव्हतं, असं तिला वाटलं.

पहिल्या दिवशी ती रोजच्याइतकंच जेवली. दुसऱ्या दिवशी आजोबांनी तिला जास्तीचं खायला दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मापारीनं निकाल वाचला.

“पहिला दिवस. एकूण खर्च सतराशे दहा कॅलरी (कॅलरी म्हणजे अन्नातली ऊर्जा मोजायचं माप). त्यापैकी एक हजार साठ निव्वळ जगण्यासाठी.”

“म्हणजे काहीच न करता?” शाल्मलीनं विचारलं.

“काहीच न करता कसं?” आजोबा म्हणाले. “तू झोपलीस तरी हृदय झोपतं का? फुप्फुसं, मेंदू, सगळे राबत असतात. अंग ऊबदार ठेवायचं, जुनं झालेलं मोडायचं, नवं बांधायचं. या न थांबणाऱ्या कामाला चयापचय म्हणतात (अन्न मोडून त्यातून ऊर्जा आणि शरीराचे नवे भाग बनवण्याची क्रिया). एवढासा जीव, पण आतला कारखाना बघ! पंचेचाळीस वर्षं मी त्याचा अभ्यास करतोय, अजून माझं तोंडात बोट जातं.”

मापारी पुढे वाचू लागला. “उरलेला खर्च बहुतेक हालचालीचा. उठबस एकसष्ट वेळा. बसल्या जागी पाय हलवणे, तीन तास दहा मिनिटे. भिंतीवर बोटांनी ताल धरणे, वेगळे मोजता आले नाही, कारण सतत चालू होते.”

आई काचेबाहेर हसायला लागली. “जन्मल्यापासून एका जागी बसलेली नाही!”

“दुसरा दिवस,” मापारी म्हणाला. “जास्तीचे अन्न चारशे कॅलरी. पाय हलवणे, चार तास पस्तीस मिनिटे.”

“वा!” आजोबांनी टाळी दिली ती काचेवरच. “पाहिलंस? आम्ही जास्त घातलं, तर तुझ्या शरीरानं त्यातलं बरंचसं नाचून संपवलं. काहींची शरीरं जास्तीचं साठवून ठेवतात, काहींची तुझ्यासारखी उधळून टाकतात. तुला ते ठरवावंही लागत नाही.”

शाल्मलीचा चेहरा पडला. “म्हणजे माझ्यात बिघाड आहे?”

“बिघाड? अगं, माझंही असंच आहे आणि सत्तर वर्षं झाली, मी अजून डोंगर चढतो. हा तुझा बांधा आहे. तो बदलायचा नाही, त्याच्याशी जमवून घ्यायचं. आता कोड्याचा दुसरा अर्धा भाग ऐक. मापारी, ताटांचं सांग.”

“दुपारचे जेवण, दोघांचे सारखे,” मापारी म्हणाला. “सकाळी समर दोन भाकऱ्या आणि दूध. शाल्मली अर्धा कप चहा. कारण, सात वाजता वारा चांगला असतो. दुपारी जेवणाआधी शाल्मली एक तांब्या पाणी. चार वाजता समर थालीपीठ. शाल्मली पठारावर.”

दुपारी सगळे एकत्र जेवत, म्हणून सगळ्यांना वाटायचं की दोघं सारखंच खातात. तिलाही तसंच वाटायचं. ताट सारखं होतं, पण दिवस सारखा नव्हता. आत येतं ते वाटलं त्याहून कमी आणि खर्च होतं ते वाटलं त्याहून जास्त. दृष्टबिष्ट काही नव्हती, कोडं एवढंच होतं.

“पण मग ते लाडू? ती पूड?”

“पूड म्हणजे बहुतेक साखरच. गोड खाऊन तुझी भूक मेली आणि जेवण ताटात राहिलं. आणि समज, पोट न बिघडता नुसत्या साखर-तेलानं वजन वाढलं असतं, तर वाढली असती चरबी. थोडी चरबी हवीच, पण शिडाचा दोर काय चरबी ओढणार आहे? त्याला स्नायू लागतात.” आजोबांनी अंगणातल्या गोठ्याकडे बोट दाखवलं. तिथे नव्या भिंतीसाठी विटा रचून ठेवल्या होत्या. “विटा आणून टाकल्या म्हणून भिंत उभी राहिली का? गवंडी लागतो, त्याला वेळ द्यावा लागतो आणि भिंत कुठे हवी ते सांगावं लागतं. डाळी, दूध, अंडी, शेंगदाणे यांतून प्रथिनं मिळतात (प्रथिनं म्हणजे स्नायू बांधायचा माल). भाकरी, भात, केळी, तूप, तीळ यांतून कामाला ऊर्जा मिळते. तू दोर ओढतेस, बादली उचलतेस, तेव्हा शरीराला कळतं की भिंत इथे हवी आहे. आणि पुष्कळसं बांधकाम तू झोपलेली असताना होतं, म्हणून झोप चुकवायची नाही.”

“आणि पाय हलवणं बंद करू?”

“मुळीच नाही! त्यावर काय बंदी घालायची? खाणं वाढवू. पण एकदम ताट भरून नाही, तुझं पोट लहान आहे. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. पाणी भरपूर पी, पण जेवायच्या तोंडावर तांब्याभर नको.”

शाल्मलीला एक शंका आली. तिनं काट्यावर उभं राहून वजन पाहिलं, सत्तावीस पूर्णांक एक. मग अर्धा लिटरचा तांब्या गटागट प्यायली आणि पुन्हा उभी राहिली. सत्तावीस पूर्णांक सहा.

“आजोबा! एका मिनिटात अर्धा किलो! मग दसऱ्यापर्यंत थांबायचं कशाला?”

“दोन-तीन तासांनी पुन्हा उभी राहा.”

तोवर ती दोनदा लघवीला जाऊन आली होती. काटा पुन्हा जवळजवळ होता तिथेच आला.

“पाणी हा पाहुणा आहे,” आजोबा म्हणाले. “येतो आणि जातो. आपल्याला राहणारी माणसं हवीत. म्हणून वजन रोज करायचं नाही. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी उठल्यावर, काही न खातापिता.”

आणि मग शाल्मलीनं जे केलं त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. एका दिवसाचा उत्साह कुणालाही येतो. तिनं नऊ महिने नेटानं केलं. वाऱ्यावर जायच्या आधी दूध-भाकरी आणि तूप लावून शेंगदाण्याची चटणी. शाळेच्या मधल्या सुट्टीत केळं नाहीतर उकडलेलं अंडं. दुपारी घट्ट वरण. चारला थालीपीठ, आणि तेही पठारावर समर घेऊन यायचा. संध्याकाळी ती दगड भरलेल्या शीडगाडीचा दोर ओढायची. संक्रांतीला आठ वेळा ओढून हात सुजत होते. मृगापर्यंत ती वीस वेळा ओढू लागली.

वजन मात्र मुंगीच्या पावलानं वाढायचं. पंधरवड्याला दीडशे ग्रॅम, कधी दोनशे. आषाढात ताप आला आणि चारशे ग्रॅम उतरलं. त्या दिवशी तिनं चटणीची वाटी बाजूला सारली. “नाही होणार माझ्याच्यानं,” ती म्हणाली.

मापारी पुढे आला. “दोर ओढणे, जानेवारी आठ. जुलै, तापानंतर, एकोणीस,” तो म्हणाला. “ताप वजन घेऊन गेला. ताकद बरीचशी ठेवून गेला.” यंत्रानं एवढा धीर दिल्यावर माणसाला वाटी पुढे ओढावीच लागते.

दसऱ्याच्या सकाळी मापारीच्या काट्यानं आकडा दाखवला. तीस पूर्णांक दोन.

शाल्मली नाचतच सभामंडपात गेली. गाव जमलं होतं. तिच्या आधी मोमिनांचा आरिफ पारड्यात बसून जरासा हुकला होता आणि खांबाला टेकून पायानं जमीन उकरत होता. शाल्मली बसली. दांडी हलली, वर आली, थरथरली आणि गुळाच्या बाजूला झुकून थांबली.

या वेळी हौसाकाकूंनी टोचून बोलायच्याऐवजी दांडीच दोनदा निरखून पाहिली.

“सकाळी तीस पूर्णांक दोन,” मापारी हळूच म्हणाला. “त्यानंतर उतरण्यासारखे काही घडले नाही.”

समर तांब्या घेऊन धावत आला. “शाले, पी पटकन! अर्धा लिटर! कुणाला कळतंय?”

तांब्या तिच्या ओठांशी होता. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, हे सगळ्या मंडपात तिच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं? तांब्या रिकामा केला, की शर्यत तिची. पण नऊ महिने तिनं राहणारी माणसं जमवली होती. आता शेवटच्या क्षणी पाहुण्याच्या जिवावर आत शिरायचं? तिनं तांब्या खाली ठेवला.

खाली ठेवताना तिची नजर समोरच्या गुळावर गेली. माघात या ढेपा रचल्या तेव्हा तीही हाताखाली होती. तेव्हा त्या खडखडीत होत्या, एकमेकींवर आपटल्या की टणटण वाजायच्या. आता त्यांच्या कडा गळाल्या होत्या आणि फळीवर पाक ओघळला होता. तिनं बोट लावलं, ते चिकटलं.

“काकू,” ती एकदम ओरडली, “गूळ पाणी प्यायलाय!”

“काय म्हनतीस?”

“पावसाळाभर इथे उघड्यावर आहे ना तो? गूळ हवेतली ओल ओढून घेतो. आपण ढेपा मोजतो तीस, पण त्या आता एकेक किलोच्या राहिल्याच नाहीत!”

“माझ्या सासूच्या काळापासनं हा गूळ कधी खोटा पडला न्हाई,” हौसाकाकू गुरकावल्या. पण त्यांनीही एका ढेपेला बोट लावलं आणि ते लुगड्याला पुसलं. “बरं, मापारी, मोज बाबा. होऊन जाऊ दे.”

मापारीनं ढेपा मोजल्या. “तीस पूर्णांक सहा.”

मंडपात एकच गलका झाला. हौसाकाकूंनी हात वर केला. “नेम तीस किलोचा हाय, पान्याचा न्हाई! आना रं ती कुऱ्हाड.” त्यांनी एक ढेप फोडली, बरोबर सहाशे ग्रॅम गूळ बाजूला काढला आणि पोराटोरांत वाटून टाकला. शाल्मली पुन्हा पारड्यात बसली. दांडी थरथरली, सरळ झाली आणि अगदी सावकाश, मानानं, तिच्या बाजूला झुकली.

“आणि आरिफला पुन्हा बसवा,” शाल्मली उतरता उतरता म्हणाली. आरिफही भरला. खांबाशी उभ्या असलेल्या मामाआजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. सत्तर वर्षांच्या शास्त्रज्ञाला एका मुलीनं गुळाकडे बघायला शिकवलं होतं, आणि हे त्यांनी आल्यागेल्याला चार वेळा सांगितलं.

शर्यतीत शाल्मली पाचवी आली. खिंडीपाशी आडवा वारा आला तेव्हा दोन गाड्या उलटल्या. तिनं दोर दोन्ही हातांनी आवळला, अंग बाहेर झोकलं आणि गाडी तिच्या ऐकण्यात राहिली. तिची चाकं जमिनीवरच आहेत हे बघून आईनं इतका वेळ रोखलेला श्वास सोडला.

संध्याकाळी गूळ वाटताना आजोबांनी तिला विचारलं, “आपला हा तराजू चंद्रावर नेला तर? मी तिथे नऊ किलो भरायचो. तू तर पाचच भरशील. मग नापास?”

शाल्मली पाय हलवत विचार करत राहिली.

“नाही,” ती म्हणाली. “काट्यावर मी हलकी दिसेन. पण तुलेत गूळही तितकाच हलका होईल. दांडी आज झुकली तशीच झुकेल. आणि आजोबा, तिथे पाऊस नाही. गूळ ओलासुद्धा होणार नाही.”

हौसाकाकूंनी गुळाची एक अख्खी ढेप उचलली, फडक्यात बांधली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

“ही जपून ठिव,” त्या म्हणाल्या. “तिथं ऊस न्हाई पिकत.”